औषधाचे माप

आमच्या लहानपणी बेळगावात दवाखान्यातून औषध आणायचे म्हणजे घरून रिकामी बाटली धुऊन न्यावी लागे. आत पडद्यामागे कंपाउंडर मिक्श्चर तयार करी, बाटलीत ओती आणि शेवटी कागदाची एक लांब पट्टी घेऊन तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडी. ती पट्टी बाटलीवर उभी चिकटवली की औषधाची वाटणी झाली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. आमच्या गल्लीत निम्मी घरे मराठी, निम्मी कानडी; काही घरांतल्या बायकांना कोणतीच लिपी येत नव्हती. पण त्या पट्टीवर भाषाच नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना वाचता येई. आई आम्हांला औषध पाजताना बाटली खिडकीच्या उजेडात धरी आणि औषध खाचेला बरोबर टेकले की नाही, ते डोळे बारीक करून पाही.

मी डॉक्टर नव्हे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर एका घरगुती कारणाने मी वेगळाच इतिहास वाचू लागलो : लहान मुलांना दिल्या गेलेल्या जंतुनाशक औषधांचा, म्हणजे आज आपण ज्यांना सरसकट अँटिबायोटिक म्हणतो त्यांचा. ते कारण काय, ते ओघात सांगेन. वाचता वाचता मला असे दिसू लागले की, हा इतिहास जितका मोठ्या शोधांचा आहे, तितकाच त्या कागदी पट्टीचाही आहे. औषध आधी सापडले, माप मागाहून. आणि ते माप सापडेपर्यंतची किंमत बऱ्याच अंशी मुलांनी चुकती केली.

आरंभ एका मुलीपासूनच करतो. जर्मनीतील गेरहार्ड डोमाक हे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. जंतूंना मारणारा एक तांबडा रंग त्यांना सापडला होता. त्याचे नाव प्रॉन्टोसिल. त्यावरचा त्यांचा लेख १९३५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांची सहा वर्षांची मुलगी हिल्डेगार्ड हातात सुई घेऊन जिन्यावरून पडली. सुई हातात रुतली, जखम चिघळली, विष अंगात भिनू लागले आणि हात कापण्याची भाषा सुरू झाली. बापाने आपल्याच प्रयोगशाळेतले औषध मुलीला दिले. मुलगी वाचली, हातही वाचला. प्रॉन्टोसिल हे सल्फा जातीचे औषध. ते बुरशीपासून निघालेले नसून रसायनशाळेत बनवलेले असल्यामुळे शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ते अँटिबायोटिक ठरत नाही. पण जंतूंशी झुंजणाऱ्या औषधांचे युग खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू झाले.

दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेत त्याच जातीच्या औषधाने उलटे रूप दाखवले. सल्फाच्या गोळ्या मुलांना गिळवत नसत. लोकांना पातळ, गोड औषध हवे होते. एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने सल्फा विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल वापरले, त्यात रासबेरीचा स्वाद घातला, रंग, वास आणि चव तपासली आणि माल बाजारात पाठवला. विषारीपणा मात्र कोणी तपासला नाही, कारण तसे तपासण्याची कायद्याने सक्तीच नव्हती. डायएथिलिन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. काही आठवड्यांत शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. खटला भरायची वेळ आली तेव्हा सरकारच्या हाती एवढेच कलम लागले की, ‘एलिक्सिर’ म्हणवणाऱ्या औषधात मद्यार्क असायला हवा, तो यात नव्हता! या आक्रोशातून १९३८ चा अमेरिकन औषध कायदा झाला आणि विक्रीपूर्वी औषध सुरक्षित असल्याचा पुरावा द्यावा लागू लागला.

ही फार जुनी गोष्ट म्हणून मी सोडून दिली असती. पण २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे सिरप पिऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. ते सिरप अँटिबायोटिक नव्हते, पण त्यात सापडलेले विष तेच होते, डायएथिलिन ग्लायकॉल. म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीचा धडा आपल्या दारात पुन्हा गिरवला गेला, आणि पुन्हा मुलांवरच.

पेनिसिलिनची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९२८ साली फ्लेमिंगना बुरशी दिसली आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन, हीटली या मंडळींनी तिच्यातून औषध वेगळे केले. त्या कथेतला एक तपशील मात्र शाळेत शिकवताना मलाही ठाऊक नव्हता. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले. चेहरा आणि डोके जंतुसंसर्गाने व्यापलेला तो माणूस चार-पाच दिवसांत सुधारू लागला. पण जगातला सगळा साठा एवढासाच. तो संपत आला. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून काढून तेही त्याला दिले. अखेर साठा संपला, जंतू उलटले आणि मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर फ्लोरींच्या मंडळींनी मुलांकडे मोर्चा वळवला. कारण साधे होते : मुलाचे अंग लहान, म्हणून त्याला औषध कमी लागते.

हा हिशेब चुकीचा नव्हता. त्यांतली मुले सुधारली. एक चार वर्षांचा मुलगा संसर्गातून बाहेर येऊनही मेंदूत रक्तस्राव होऊन गेला, पण तो दोष औषधाचा नव्हता. तरी ‘मूल म्हणजे छोटे माणूस, म्हणून औषध थोडे कमी’ हे जे सूत्र त्या काळी सर्वत्र धरले जात होते, ते पुढे फार महाग पडले.

युद्ध संपले आणि पेनिसिलिन मुबलक झाले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. स्ट्रेप्टोमायसिन आले, क्लोरॅम्फेनिकॉल आले, टेट्रासायक्लिनचे घराणे आले. एकवीस दिवस घरादाराला जागवणारा विषमज्वर क्लोरॅम्फेनिकॉलने काही दिवसांत उतरू लागला. ज्यांनी ते पाहिले त्यांना या औषधात काही वाईट असू शकेल, हे पटणे कठीण होते. मग अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांना रोग होण्याची वाट कशाला पाहायची? आधीच अँटिबायोटिक दिलेले काय वाईट? असा विचार मोठमोठ्या रुग्णालयांत रूढ झाला.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले होते. एका गटाला नेहमीची पेनिसिलिन आणि सल्फाची जोडी, दुसऱ्याला नवे ऑक्सिटेट्रासायक्लिन. नेहमीच्या जोडीच्या गटात मृत्यू जास्त निघाले, आणि शवविच्छेदनात त्या बाळांच्या मेंदूत काविळीचा पिवळा रंग उतरलेला दिसला. पुढे उलगडा झाला तो असा : जन्मलेल्या बाळाच्या रक्तातले पिवळे द्रव्य एका प्रथिनाला चिकटून राहते, म्हणून ते मेंदूत शिरत नाही, सल्फा त्या प्रथिनावरची जागा बळकावते आणि पिवळे द्रव्य मोकळे सुटते. मोठ्या माणसाला ज्याचा उपद्रव नाही, ते बाळाच्या मेंदूचे वैरी ठरले.

तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयातून दुसरी बातमी आली. तेथेही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोगप्रतिबंध म्हणून औषधे दिली जात. तुलना केली तेव्हा काहीच न दिलेल्या बाळांत आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण शेकडा वीसच्या आत होते. क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या बाळांत ते साठच्या आसपास गेले. बाळाचे पोट फुगे, अंग राखेच्या रंगाचे होई, रक्तदाब कोसळे. डॉक्टरांनी या विकाराला ‘ग्रे बेबी’ असे नाव दिले. क्लोरॅम्फेनिकॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला त्यावर एक प्रक्रिया करावी लागते. नवजात बाळाचे यकृत त्या कामाला अजून तयार झालेले नसते आणि मूत्रपिंडेही कच्ची असतात. त्यामुळे डोसावर डोस साठत जातो. वजनाच्या हिशेबाने मोजलेले औषधही त्या बाळाला अति झाले होते. तेव्हा कुठे वैद्यकाला पुरते कळले की, मूल हे छोटे माणूस नव्हे. त्याच्या वजनाबरोबर त्याचे वयही मोजावे लागते, आणि नवजात बाळाच्या बाबतीत तर दिवससुद्धा.

आता माझे घरगुती कारण सांगतो. न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगात जे औषध निर्दोष ठरले, ते टेट्रासायक्लिनच्या घराण्यातले होते. १९६५ च्या सुमारास माझी धाकटी बहीण बेबी अडीच-तीन वर्षांची होती. तिला वरचेवर खोकला आणि ताप येई. एकदा तर तिचा श्वास असा लागला की, आईने देव पाण्यात ठेवले. आमच्या डॉक्टरांनी तिला टेट्रासायक्लिनचे गोड औषध दिले आणि पुढेही दोन-तीन वेळा दिले. बेबी बरी झाली. दुधाचे दात पडून नवे आले, ते मात्र करड्या-तपकिरी पट्ट्यांचे. दंतमंजन, राखुंडी, मीठ, लिंबू, सगळे करून झाले. टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटते आणि हिरड्यांच्या आत घडत असलेल्या दातांत कायमचे जाऊन बसते, हे आम्हांला कोण सांगणार? परदेशी नियतकालिकांत त्याविषयी लिहून येऊ लागले होते, पण ते आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोचायचे होते. पुढे आठ वर्षांखालील मुलांना हे औषध टाळावे, असा दंडक झाला.

बेबीच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचे ओठ विलग झालेले नाहीत. त्या डॉक्टरांना मी मनातून कितीतरी वर्षे दोष दिला. आई मात्र म्हणायची, “रंग गेला, पण पोर राहिली ना!” यातले खरे कोणाचे, हे ठरवता येईना म्हणून मी वाचू लागलो. तिचा तो आजार अँटिबायोटिकने बरा होणारा न्यूमोनिया होता की आपोआप ओसरणारा विषाणूंचा खोकला, हे आता कोणीच सांगू शकत नाही. एका वेळी तरी औषधाने तिला वाचवले असेल. बाकीच्या वेळी ते उगाच पोटात गेले असेल. गंमत म्हणजे हा दंडकही पुढे सैल झाला. त्याच घराण्यातले डॉक्सिसायक्लिन थोड्या दिवसांसाठी दिले तर दातांना तसा अपाय होत नाही, असे दिसून आले आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या संदर्भग्रंथाने एकवीस दिवसांपर्यंत ते कोणत्याही वयात देण्यास मुभा दिली. स्क्रब टायफससारख्या तापात ते मुलाचा जीव वाचवते. म्हणजे औषध चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रोगाला, कोणत्या वयाला, किती आणि किती दिवस, हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

येथवर वाचून एखाद्याला औषधाची भीतीच बसेल. पण भीतीही मुलांना मारते. याचा पुरावा शोधायला मला परदेशी जावे लागले नाही; तो गडचिरोलीत मिळाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. लहान मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा होता आणि डॉक्टर कोसन्‌कोस दूर. त्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. निदानाची खूण साधी आहे : मुलाचा श्वास मोजायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या मुलाचा पन्नास किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक असेल, तर धोका समजायचा. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचे? त्यासाठी बंग दांपत्याने एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधे उपकरण तयार केले. मणी धोक्याच्या खुणेपर्यंत आधी पोचले तर न्यूमोनिया, वाळू आधी संपली तर साधा खोकला. ते वाचले तेव्हा मला आमच्या कंपाउंडरची पट्टी आठवली.

५८ गावांत या लोकांनी को-ट्रायमॉक्साझोल हे औषध ठरलेल्या मात्रेत दिले. ४४ गावे तुलनेसाठी ठेवली होती. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या ६१२ आजारपणांत उपचार झाले, त्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ होते. शंभरांतली तेरा मुले आणि शंभरांत एकही नाही, एवढे हे अंतर.

पुढची पायरी अधिक अवघड होती. नवजात बाळांच्या रक्तात जंतू शिरले तर जेंटामायसिनचे इंजेक्शन लागते, आणि हे औषध जास्त झाले तर मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करते. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचा इतिहास ठाऊक असलेल्या कोणालाही विचारावेसे वाटेल की, जेथे मोठी रुग्णालये चुकली, तेथे थोडे शिकलेल्या खेड्यातल्या बाईच्या हाती सुई कशी द्यायची? बंग यांनी ३९ गावांत ती दिली. पण धोक्याची लक्षणे ठरवून दिली, बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा आणि दिवस ठरवून दिले, आईबापांची संमती घेतली आणि प्रत्येक बाळाची नोंद ठेवली. उपचार सुरू होण्यापूर्वी अशा जंतुसंसर्गात शेकडा १६.६ बाळे दगावत होती. ते प्रमाण २.८ वर आले. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाला ऊब देणे, अंगावर पाजणे, जन्मतः गुदमरलेल्याला श्वास देणे, हेही त्या कामात होतेच; सगळे श्रेय एका इंजेक्शनचे नव्हे. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींतून नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत देशभर आली, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा परिचारिकांना असे इंजेक्शन देण्याची मुभा दिली.

गडचिरोलीतून मी घेतलेला अर्थ असा : औषधाची सुरक्षितता देणाऱ्याच्या पदवीपेक्षा मापावर अधिक अवलंबून असते. माप पक्के असेल तर ते दाईच्या हातातही सुरक्षित आहे. माप नसेल तर मोठ्या शहरातल्या रुग्णालयातही नाही.

आणि माप दिवसांचेही असते. २००४ मध्ये भारतातच झालेल्या एका अभ्यासात साध्या, तीव्र नसलेल्या न्यूमोनियाच्या २,१८८ मुलांपैकी काहींना अमॉक्सिसिलिन तीन दिवस दिले, काहींना पाच दिवस. दोन्हींकडे शंभरांतली जवळजवळ नव्वद मुले बरी झाली. म्हणजे अधिक दिवस म्हणजे अधिक गुण, असेही नाही. मात्र दिवस किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे. ताप उतरला म्हणून आपण ठरवायचे नाही.

आज भीती वेगळी आहे. २०१६ मध्ये दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गास कारण झालेल्या जंतूंपैकी असिनेटोबॅक्टर शेकडा ८२, क्लेब्सिएला ५४ आणि ई. कोलाय ३८ इतक्या प्रमाणात अनेक औषधांना दाद देईनासे झाले होते. जी बाळे जगात येऊन चार दिवस झाले नाहीत, त्यांनी कोणते औषध उगाच घेतले? ते आपण घेतले आहे. सर्दीला, साध्या खोकल्याला, विषाणूंच्या जुलाबाला, कोंबड्या-डुकरांना, सगळ्यांना आपण ते वाटले आणि जंतूंना शहाणे केले. २०१४ पासून कित्येक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे, २०१६ पासून अशा गोळ्यांच्या पाकिटावरची तांबडी रेघ ओळखा असे सरकार सांगते आहे. पण दुकानात “मागच्या वेळचेच द्या” म्हटले की अजूनही ते मिळते.

गेल्या थंडीत शेजारच्या घरातली तरुण कानडी सून औषधाची बाटली घेऊन माझ्याकडे आली. आत कोरडी पूड, वर बारीक इंग्रजी अक्षरे. उकळून गार केलेले पाणी कुठपर्यंत घालायचे, ते तिला कळेना. बाटलीवर खूण होती, पण लेबलाच्या आड बुजल्यासारखी. तिचा मराठी नवराही गोंधळलेला. “थोडे कमी पाणी घातले तर औषध कडक होईल आणि लवकर गुण येईल ना, काका?” त्याने विचारले. आणि पाजायला आणला होता पोह्यांचा चमचा. घरोघरच्या चमच्यांत इतका फरक असतो की, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये चमच्याची भाषाच सोडा आणि मिलिलिटरमध्ये सांगा, असे बजावले. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण त्यांनी फेकून दिले होते. ते केराच्या टोपलीतून काढले, धुतले, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापावर मी पेनने रेघ मारली. तिला म्हटले, “इष्टे.” त्याला म्हटले, “एवढेच.”

सीमाभागात आपण पाट्यांच्या भाषेवरून पुष्कळ भांडलो. त्या भांडणात मीही होतो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण बाळाच्या औषधाच्या बाटलीवर मराठीही नाही आणि कानडीही नाही, याबद्दल आपल्यापैकी कोणी एकदाही आवाज उठवल्याचे मला आठवत नाही. तोवर निदान एवढे करू या. डॉक्टरांना आपल्या भाषेत तीन गोष्टी विचारू या : हे कशासाठी, एका वेळी किती, आणि किती दिवस. उरलेले औषध धाकट्यासाठी फडताळात ठेवायचे नाही. श्वास भरभर चालला असेल, मूल पीत नसेल, गळून गेले असेल, तर घरगुती काढ्यात वेळ घालवायचा नाही.

बेबी दर दिवाळीला माहेरी येते. आता तिचे पुढचे दात बसवलेले आहेत, पांढरेशुभ्र. या वर्षी हा लेख लिहितो आहे, असे मी तिला सांगितले. तिने हसून विचारले, “डॉक्टरांवर टीका नाही ना केलीस, दादा?” मी म्हटले, नाही. त्यांच्याजवळ औषध होते, माप अजून यायचे होते. आपल्याजवळ दोन्ही आहे.